आतला माणूस

मानसरोवर, जयपूर
२ फेब्रुवारी

गौतमी,

जय भीम.

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हे पत्र. मानसरोवरहून विद्याधर नगरला पत्र पाठवणारी या शहरात मीच एक असेन. पोस्टातला माणूस पत्ता वाचून म्हणाला, "मैडम, इतनी दूर तो आप स्कूटी से दे आतीं।" मी म्हटलं, "भैया, समोरच्याने दार उघडायला हवं ना."

तू मराठी एकेक अक्षर लावून वाचतेस, म्हणून मोठं लिहिते आहे. जे सांगायचं ते सरळ आहे: मी काहीही चूक केलेली नाही.

एकोणीस जानेवारीच्या सभेत मी त्या कंपनीचं नाव घेतलं. फिट्सवरची जी गोळी राज्यातल्या सरकारी दवाखान्यांतून हजारो माणसं रोज घेतात, ती तपासणीत नापास झाली होती. जेवढ्या वेळात ती विरघळायला हवी, तेवढ्या वेळात अर्धीसुद्धा विरघळत नव्हती. म्हणजे माणूस औषध समजून खडू गिळणार आणि चुलीपुढे, रस्त्यात, पोहऱ्यासकट विहिरीच्या काठावर आडवा होणार. हे लोकांना सांगायचं नाही, तर काय सांगायचं? छत्तीस वर्षं मी रेल्वेच्या दवाखान्यात औषधं वाटली. खिडकीपलीकडच्या हाताला आपण काय देतो आहोत हे ज्या व्यवस्थेला माहीत असतं आणि त्या हाताला माहीत नसतं, ती व्यवस्था माझ्या लेखी चोरच आहे. तिचा कारभार कितीही नेटका असो.

तू जेवताना मला समजवायचीस. तुमच्या औषध नियंत्रण कार्यालयात नमुना आला की तुम्ही लेबल झाकता, वर नुसता नंबर लावता, आणि प्रयोगशाळेला कळतच नाही की औषध कोणाचं आहे. त्यामुळे फोन जात नाही, मिठाईचा डबा जात नाही. मी म्हणायचे, जिथे झाकलं तिथे सडलं. तू म्हणायचीस, "मम्मी, मतलब, परीक्षेच्या पेपरवर मुलाचं नाव लिहितात का?" मी हसायचे. आपले ते वाद मला आवडायचे. तुला आवडत नव्हते हे मला आता कळतं आहे.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी तुला निलंबनाचं पत्र आलं. त्याच संध्याकाळी तू दोन बॅगा भरल्यास. दारात म्हणालीस, "तू कंपनीचं नाव घेतलंस ते सोड. तू स्टेजवरून म्हणालीस, 'आतल्या एका निर्भय माणसाने मला हे सांगितलं.' मम्मी, कुठला नंबर कोणत्या कंपनीचा ती नोंदवही उघडणारे आत आम्ही दोघंच आहोत. माथुर सर डिसेंबरपासून आजारपणाच्या रजेवर कोट्याला आहेत. मग आतला माणूस कोण राहिला?"

मी म्हटलं, त्या माणसाचं नाव मी सांगू शकत नाही.

तू विचारलंस, "मी तुला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"मग कोणी?"

मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा मला हक्क आहे. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव उघड करायचं नसतं. चळवळ अशीच चालते. तुझ्यावरचा आळ टिकणार नाही. खोटं आहे ते, आणि खोटं टिकत नाही.

पप्पा तुझ्यासाठी भाकरी आणि झुणका घेऊन येत आहेत. डबा परत पाठव, माझ्यासाठी नको, त्यांना फेरी मारायला बरं वाटतं.

तुझी
आई


८ फेब्रुवारी

गौतमी,

बातमी वाचली असशीलच. कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की दुसरी तपासणी व्हायच्या आधीच तिचं नाव भर सभेत घेतलं गेलं, म्हणजे नमुन्याची गुप्तता फुटली, म्हणजे पहिला अहवालही निर्भेळ मानता येणार नाही. न्यायालयाने अहवालाला स्थगिती दिली. नवे नमुने काढा, नव्याने तपासा, तोवर जुना अहवाल धरू नका.

आणि अहवाल नाही तर अडवायला कारण नाही. भांडारात वेगळ्या कोपऱ्यात अडवून ठेवलेली ती खोकी परवा गाड्यांत भरून दवाखान्यांना गेली. साठा संपला होता, सगळीकडून मागणी होती.

माझं भाषण झालं नसतं तर ती खोकी कोपऱ्यातच राहिली असती. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं आहे.

पण दोष कोणाचा? माझा, की एका नावाच्या उच्चाराने कोसळणाऱ्या नियमाचा? मी यावर लेख लिहायला घेतला आहे. दोन पानं झाली. सकाळपासून तिसऱ्या पानावर एक ओळ पुढे जात नाही. उठते, गॅलरीत जाते, मेट्रो जाताना बघते, परत येऊन बसते.

पप्पा डबा देऊन आले. मी विचारलं, काय म्हणाली? ते म्हणाले, "तिनं डबा घेतला. तुह्याबद्दल काहीच इचारलं नाही." मग बूट काढता काढता म्हणाले, "प्रभा, तुले माइक दिसला का समोर कोण बसलं हे तू पाह्यतच नाही."

"समोर जनता असते," मी म्हटलं.

"हो नं. पोरगी बी तिथंच बसली होती. तिसऱ्या रांगेत."

मला माहीत नव्हतं तू आली होतीस.

आई


१४ फेब्रुवारी

गौतमी,

आज दोन माणसं भेटली. दोघांचं सांगते.

सकाळी सतीशजी आले. आपल्या औषध हक्क मंचाचं सगळं काम तेच बघतात, तुला माहीत आहे. चौकशीची नोटीस मंचाच्या पत्त्यावर आली होती, ती घेऊन आले. मला चोवीस तारखेला बोलावलं आहे. सभेत ज्या 'आतल्या माणसाचा' उल्लेख केला त्याचं नाव सांगावं, न सांगितल्यास उपलब्ध कागदांवरून निष्कर्ष काढला जाईल. उपलब्ध कागद म्हणजे काय ते तू दारातच सांगितलंस. नोंदवहीच्या किल्ल्या दोन, एक किल्लीवाला कोट्याला अंथरुणावर. मी बोलले नाही तर तू फोडलंस असं ठरणार, आणि नोकरी जाणार. निलंबन नाही, कायमची.

सतीशजींचं म्हणणं स्पष्ट होतं. "प्रभावतीजी, नाम मत दीजिए। सूत्र की रक्षा हमारा धर्म है।"

"और मेरी बेटी?"

"उसका केस हम लड़ेंगे। पूरे प्रदेश में उठाएँगे। एक ईमानदार अफ़सर, जिसे माँ के सच बोलने की सज़ा मिली। आप सोचिए, क्या मुद्दा बनेगा!"

मुद्दा. त्यांच्या डोळ्यांत चमक होती, गौतमी. वाईट माणसाची नव्हे. ती मी ओळखते, कारण आरशात पुष्कळदा पाहिली आहे. मी त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. ते जिन्यात म्हणाले, "आज मैडम का मूड ठीक नहीं।"

दुपारी कपडे घेऊन मीराबाईकडे गेले. आपल्या सेक्टरच्या पार्काजवळ कडुलिंबाखाली जिची इस्त्रीची गाडी आहे, ती. तिची मुलगी सुरुची तुला आठवत असेल, अकरावीत आहे, लहानपणापासून फिट्स येतात. पण गोळीवर तीन वर्षं काही झालं नव्हतं. मंगळवारी शाळेच्या पायऱ्यांवर पडली. पुढचा दात तुटला. मीराबाई शर्टावर पाणी शिंपडत सांगत होती, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट.

मी विचारलं, गोळी कुठून आणता?

"वहीं से, सरकारी से। पिछले हफ़्ते नई पत्ती मिली।" तिने डब्यातून पट्टी काढून दाखवली.

मी नाव वाचलं. बॅच नंबर वाचायला चष्मा लागला नाही, बातमीत छापून आल्यापासून मला तो पाठ आहे.

"बाईजी, आप तो दवाई वाली हैं। यही गोली से हुआ क्या?"

आणि मी, सभांमधून बोट उगारून सांगणारी तुझी आई, म्हणाले, "पता नहीं." खरंच माहीत नाही. फिट रात्रभर जागल्याने येते, तापात येते, गोळी चुकली तरी येते. या गोळीने झालं की नाही हे सांगू शकेल असा एकच कागद होता, तुमचा अहवाल. तो आता धरायचा नाही आहे.

मी तिला म्हटलं, दवाखान्यात जा, डॉक्टरांना पट्टी दाखव, ही गोळी बदलून माग. ती म्हणाली, एक दिन की कमाई जाएगी, देखती हूँ.

घरी आले तेव्हा कळलं, कपडे गाडीवरच राहिले.

आई


१७ फेब्रुवारी

गौतमी,

आतला माणूस कोणी नव्हता.

हे वाक्य आधी लिहून टाकलं, आता बाकीचं सांगता येईल.

डिसेंबरात मी माहिती अधिकारात अर्ज केला होता: वर्षभरातले नापास नमुने द्या. त्यांनी दिले. चाळीस पानं. कंपन्यांची नावं काळी केलेली, औषधांची नावं आणि तुमचे नंबर तसेच ठेवलेले. नियमाने अगदी बरोबर. मी ती पानं जेवणाच्या टेबलावर पसरली. नंबर बहुतेक लांबलचक होते, संगणकाने काढलेले. पण ऑगस्टच्या एका आठवड्यातले नऊ नंबर वेगळे होते. चार आकडी.

त्या आठवड्यात तुमचा संगणक बंद पडला होता. तूच सांगितलं होतंस, नमुन्यांचा ढीग पडला आहे, सगळं हाताने करावं लागतं आहे, वैताग आला आहे.

मी पहिला नंबर पाहिला आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला.

तुझे आजोबा, रेल्वेतले गार्ड उत्तमराव. मूर्तिजापूरहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा दुपारी त्यांच्या मांडीवर बसायचीस. ते गाडीचा नंबर सांगायचे आणि तू गाव सांगायचीस. चुकलीस की टपली, बरोबर आलं की शेंगदाण्याची चिक्की. तेव्हा गाड्यांचे नंबर चार आकडी होते. पुढे पाच आकडी झाले आणि ते जुने नंबर सगळे विसरले. आपलं घर सोडून.

तू प्रत्येक नमुन्याला त्याच्या कंपनीच्या गावाला जाणाऱ्या गाडीचा जुना नंबर दिला होतास. घाईत, ढिगाऱ्यात, गोंधळ होऊ नये, वहीत आणि डब्यावर एकच लक्षात राहावं म्हणून. मला समजतं. जगात दुसऱ्या कोणाला ते आकडे बघून काही सुचलं नसतं. मला नऊच्या नऊ गावं वाचता आली. त्यातल्या एका गावात फिट्सची गोळी पुरवणारी कंपनी एकच आहे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. आता लिहीत नाही.

मी काय करायला हवं होतं? तुला हाक मारायला हवी होती. म्हणायला हवं होतं, पोरी, तुझी ही खूण मला ओळखता आली, उद्या आणखी कोणाला येईल, बदल. तू शेजारच्या खोलीत होतीस. पंखा दुरुस्त करणाऱ्याशी भांडत होतीस. मी पानं गोळा केली आणि फाइलीत ठेवली.

मला वाटलं, हे लोकांचं आहे. अजूनही वाटतं, खराब औषधाची बातमी लोकांचीच आहे. पण दुसरी तपासणी तीन आठवड्यांवर होती. खोकी अडवलेली होती, एकही गोळी बाहेर गेली नव्हती. कोणाचा जीव धोक्यात नव्हता. धोक्यात होती ती फक्त माझी सभा. तिला नवीन काही हवं होतं.

आणि सभेत मी कंपनीचं नाव घेतलं तेव्हा एक म्हातारा उठून म्हणाला, "आपको कैसे पता?" प्रश्न योग्य होता. खरं उत्तर होतं, नंबरांवरून ओळखलं. ते फार किरकोळ वाटलं असतं. म्हणून माझ्या तोंडून ते वाक्य आलं: "आतल्या एका निर्भय माणसाने." हिंदीत ते आणखी दणदणीत वाटलं. मी ते आधी ठरवलं नव्हतं. आलं. सभागृह उभं राहिलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस. तूही उभी राहिलीस का? नको, सांगू नकोस.

मी खोटं बोलले ते टाळ्यांसाठी. आणि मग महिनाभर त्या खोट्याला तत्त्व म्हणत राहिले. सूत्राची रक्षा! कोणाची रक्षा, जो जन्मलाच नाही त्याची? आणि जी जन्मली तिला मी दारातून जाऊ दिलं.

चोवीस तारखेला मी हे सगळं सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. मागितली तर तो निर्णयही तुझ्यावर ढकलल्यासारखं होईल. पण एक गोष्ट तुला आधी कळायला हवी. मी खरं सांगितलं तर फोडल्याचा आळ जाईल, आणि नंबर असा द्यायचा नसतो ही तुझी चूक उघडी पडेल. तुझ्यावर ठपका येईल, कदाचित ते काम काढून घेतील. मी खूप शोधलं. तुला पूर्ण सोडवेल असं एकही खरं वाक्य मला सापडलं नाही.

आई


२५ फेब्रुवारी

गौतमी,

झालं.

निघण्याआधी पप्पांनी सांगितलं की तू माझं पत्र त्यांच्यासमोर वाचलंस. एकदा वाचलंस, पुन्हा वाचलंस, एका शब्दावर अडलीस तो त्यांना विचारलास. मग म्हणालीस, "मम्मीला पहिल्या नजरेत कळलं? मतलब, एकदम?"

पप्पा म्हणाले, "हो."

तू म्हणालीस, "मी वेडी आहे." आणि मग म्हणे हसलीस. पप्पांना ते हसू आवडलं नाही. "रडली असती तं बरं झालं असतं," म्हणाले. "आजोबाच्या चिक्कीनं पोरीची नोकरी खाल्ली."

चौकशी अधिकारी शालिनीजी म्हणून आहेत. माझ्याच वयाच्या, सुती साडी, आवाज हळू. त्यांनी मला दीड तास मधे न बोलता ऐकलं. मग तुमच्या नोंदवहीतले तेच नऊ नंबर समोर ठेवले आणि गावांचा रकाना हाताने झाकला. मी नऊ गावं सांगितली. त्यांनी हात काढला. नऊही बरोबर. टायपिस्ट पुटपुटला, "कमाल है।" शालिनीजींनी त्याच्याकडे पाहिलं, तो खाली बघायला लागला.

मग त्यांनी टायपिस्टला बाहेर पाठवलं.

"प्रभावतीजी, बीस साल से आपको सुनती आई हूँ। आपके कहने से ही दवाखानों के बाहर दवाइयों की सूची टँगी है। यह बयान खुला गया तो आपका कहा सब झूठा मान लिया जाएगा। कंपनी पहले दिन अख़बार में छपवाएगी।"

मी म्हटलं, हो.

"मैं इसे सीलबंद रख सकती हूँ। नियम में गुंजाइश है। आपकी बेटी पर से लीक का आरोप हट जाएगा। और बाहर किसी को कुछ पता नहीं चलेगा।"

गौतमी, मी लगेच नाही म्हटलं नाही. तुला इथे खोटं सांगायचं नाही म्हणून सांगते. त्यांच्या टेबलावर शिक्के होते, मी ते मोजले, पाच होते. पुन्हा मोजले. मी स्वतःशी चळवळीचा हिशेब मांडत होते. माझं तोंड काळं झालं तर औषधांच्या याद्यांचं काय होईल, खरेदी समितीतल्या माणसांनी आपले लागेबांधे जाहीर करावेत या मागणीचं काय होईल, उद्या दुसरं कोणी खरोखर नापास झालेलं औषध दाखवेल तेव्हा लोक त्यालाही म्हणतील का, तुमचाही आतला माणूस का? हे सगळे प्रश्न खरे आहेत. त्यांच्या मागे मला लपता येत होतं, एवढीच त्यांत खोट होती.

शेवटी मी विचारलं, "बेटी के काग़ज़ पर क्या लिखा जाएगा?"

"आरोप सिद्ध नहीं हुआ।"

आरोप सिद्ध झाला नाही! म्हणजे लोक म्हणणार, आईने काहीतरी जमवलं. लिफाफा बंद असला की प्रत्येकजण त्यात आपल्याला हवं ते भरतो. तुझ्या बाबतीत ते काय भरतील ते मला माहीत आहे. आपण कोण आहोत, आडनाव काय आहे, कोणत्या जागेवरून नोकरी मिळाली, सगळं भरतील.

मी म्हटलं, "खुला रखिए।"

त्यांनी वाद घातला नाही. टायपिस्टला आत बोलावलं. बाहेर पडताना मात्र म्हणाल्या, "आपकी बेटी को फटकार तो मिलेगी। वह नंबर ऐसे नहीं देने थे।"

"मिलनी चाहिए," मी म्हटलं. तुझी आई म्हणून नाही, छत्तीस वर्षं औषध वाटणारी म्हणून.

आई


३ मार्च

गौतमी,

हे पत्र पोस्टाने नाही, पप्पांच्या हाती पाठवते आहे, कारण घाई आहे. घाई माझी नाही, ती शेवटी सांगते. आधी कालचं.

काल मी त्याच सभागृहात उभी राहिले. सतीशजींनी दोन दिवस फोन करून विनवलं, वक्तव्य छापून द्या, स्टेजवर जाऊ नका. मी म्हटलं, जिथे बोलले तिथेच सांगीन. मंचाचं अध्यक्षपद सोडल्याचा कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो न वाचता खिशात घातला आणि पहिल्या रांगेत नाही, दारापाशी जाऊन उभे राहिले.

जानेवारीत होते त्याच्या चौथाई लोक असतील. मी जबाब वाचून दाखवला. लिहिला होता तसा, आवाज न चढवता. अवघड गेलं. आवाज आपोआप चढतो माझा, सवयीने. दोन वेळा थांबून पाणी प्यायले.

एक तरुण ओरडला, "तो जनवरी में तालियाँ किस बात की बजवाईं?"

मी म्हटलं, "झूठ की."

काही लोक उठून गेले. जानेवारीत प्रश्न विचारणारा तो म्हातारा आला होता. तो गेला नाही, पण माझ्याकडे बघतही नव्हता. मी पुढे सांगितलं की गोळीचे नवे नमुने काढले गेले आहेत, नंबर लावून गेले आहेत, अहवाल यायला दोन आठवडे लागतील. तोवर औषध चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही आणि वाईट आहे असंही नाही. मला माहीत नाही. जुना अहवाल खरा असेल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर कोणी गोळी घेऊ नये की टाकू नये.

तेव्हा मागून मीराबाई उभी राहिली. तिने गाडी कोणाच्या तरी भरवशावर सोडली होती. हातात ती पट्टी होती, चार गोळ्या उरलेली.

"बाईजी, डॉक्टर के पास गई थी। भीड़ थी, उसने पत्ती देखी नहीं, बोला यही चलाओ। सुरुची को शनिवार को फिर दौरा आया। मुझे यह बता दो, गोली खिलाऊँ कि बंद कर दूँ?"

मी म्हटलं, बंद करू नका. अजिबात बंद करू नका, एकदम थांबवली तर जास्त मोठी फिट येते. उद्या सकाळी पुन्हा जा, औषधाच्या खिडकीवर दुसऱ्या कंपनीची मागा, मी सोबत येते.

ती ऐकत होती. मग म्हणाली, अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता त्यात, "पर आपने अभी तो कहा कि उस दिन आपने झूठ बोला था। पड़ोस वाली कहती है बंद कर दो, ज़हर है, बाईजी ने सभा में कहा था। डॉक्टर कहता है चलाओ। आप कहती हो बदलवाओ। अब मैं किसकी सुनूँ?"

सभागृहात जे थोडे लोक उरले होते ते सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे उत्तर होतं. ते अचूकही होतं. माझ्या तोंडून ते तिला घेता येत नव्हतं.

मी म्हटलं, "मेरी बेटी की सुनिए। उसने कभी झूठ नहीं कहा।"

"तो उसी से पुछवा दो," मीराबाई म्हणाली आणि खाली बसली.

आज सकाळी मी तिच्यासोबत दवाखान्यात जायला निघाले होते. ती आली नाही. शेजारणीने सांगितलं, सुरुचीने कालपासून गोळी घेतलेली नाही. मी झोपडीच्या दारातून हाक मारली. मीराबाई बाहेर आली, नमस्ते केलं, म्हणाली, "आज सिर्फ़ देख रही हूँ बाईजी, बिना गोली कैसी रहती है।" मी सगळं पुन्हा सांगितलं, हात जोडले. ती मान हलवत राहिली. ती मला दुखवत नव्हती, एवढंच.

म्हणून हे पत्र. तुझं निलंबन मागे घेतल्याचा कागद तुला आज मिळेल, त्यात ठपका असेल, नोंदवहीचं काम दुसऱ्याकडे गेलेलं असेल. त्याबद्दल तुला माझ्याशी बोलायचं असेल किंवा कधीच नसेल, ते तुझं तू ठरव. मी दारात येणार नाही. पण हे आजच व्हायला हवं. तुला काय सांगायचं ते तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. फक्त तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. हिंदीत सांग, हळू सांग, सुरुचीलाही समोर बसव.

उत्तर मला पाठवू नकोस. मीराबाईकडे फोन नाही, शेजारच्या दूधवाल्याचा नंबर खाली लिहिते आहे, तो तिला बोलावून देतो. आणि आलीस तर पार्काच्या मागच्या गेटाने ये. इस्त्रीची गाडी आज बंद आहे, मीराबाई घरीच आहे, निळ्या पत्र्याचं दार. पुढचा रस्ता आपल्या गॅलरीतून दिसतो. मागचा दिसत नाही.

आई